रान काकूंचं लाल हायत्स

आमच्या जिन्याच्या पायथ्याशी रान काकूंचं टेबल आहे. त्यावर जोडे शिवायचा एक लाकडी फर्मा उभा असतो, आणि गेल्या वसंतापासून त्या फर्म्याला लोकरीची टोपी घातलेली आहे. एवढीशी, पिवळी, वर गोंडा. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारतं, "काकू, नातू झाला वाटतं?" काकू म्हणतात, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून, नातू कुठला?" "मग टोपी कोणाची?" असं कोणी विचारलं की काकू हातातली आरी खाली ठेवून हसायला लागतात, आणि त्यांचा नवरा, म्हातारा पंग, माजाँगचा डाव अर्धा टाकून गोष्ट सांगायला धावत येतो. पण पंगला गोष्ट सांगता येत नाही. तो शेवट आधी सांगून मोकळा होतो आणि मग सुरुवात विसरतो. म्हणून ती इथे लिहून ठेवलेली बरी.

रान सूफन हे काकूंचं पूर्ण नाव. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या चोंगछिंगला आल्या. सूतगिरणीत होत्या, गिरणी बंद झाली तेव्हा चार बायका रडल्या, काकूंनी घरातलं टेबल खाली आणलं. चिंध्यांचे थर खळीने चिकटवायचे, वाळवायचे, आरीने भोकं पाडून जाड दोऱ्याने तळ शिवायचा, ही विद्या आईकडून आलेली. आज जिन्यातल्या प्रत्येक घरात काकूंच्या हातचा एक तरी कापडी जोडा आहे. हवा असो वा नसो.

काकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. त्यांचं शास्त्र असं की टाच बाहेरून झिजली तर माणूस हट्टी, आतून झिजली तर कुढा, मागून झिजली तर आळशी. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या असतील तर त्या माणसाला बसायला स्टूल मिळतं. पंगच्या टाचा मागून झिजतात. "मग लग्नाच्या वेळी बघितल्या नव्हत्या का?" असं विचारलं तर काकू म्हणतात, "नवे जोडे घालून आला होता मेला. तिथेच फसले." पंग हे ऐकून खूश होतो. आमच्याकडे बायकोच्या मुठीतल्या नवऱ्याला मऊ कानाचा म्हणतात. पंगचे कान इतके मऊ आहेत की वाऱ्याने हलतात.

यांची एकुलती एक मुलगी यिंगयिंग. शिकली, आणि नोकरीला लागली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, छिंगदाओच्या बंदरात. तिथे तिला मू लिन नावाचा मुलगा भेटला. मुलगा चांगला आहे, शांत आहे, मासे सोलून देतो, हे सगळं तिने फोनवर सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई कशी आहे त्याची?"

या प्रश्नाला कारण होतं. काकू नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा पंगच्या आईने वर्षभर त्यांना नावाने हाक मारली नाही. "ए डोंगरातली, पाणी आण. ए डोंगरातली, भात जास्त घेतलास." पंगच्या आईला जाऊन कैक वर्षं झाली, पण अजूनही कोणी वरच्या मजल्यावरून "ए" म्हटलं की काकूंची मान आपोआप वर होते. आता यिंगयिंग एवढ्या लांब जाणार, समुद्राकाठच्या वाफवलेल्या पावाच्या घरात, तिखटाला घाबरणाऱ्या लोकांत. तिला कोणी "ए तिखटवाली" म्हणायला लागलं तर ती रडायला येणार कुठे?

म्हणून काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं: "मुलाचं मला काही नाही. त्याच्या आईला मी डोळ्यांनी बघते, मग हो म्हणते. तोवर तारीख काढायची नाही."

आणि नेमकं तसंच जुळून आलं. मुलाचे आईवडील कुनमिंगला थोरल्या लेकाकडे निघाले होते, आणि त्यांना गाडी बदलायची होती चोंगछिंगला. एक गाडी सकाळी पोहोचणार, दुसरी दुपारी सुटणार. मधे तीनेक तास. यिंगयिंगचा फोन आला.

"आई, नीट बोल हं त्यांच्याशी. शुद्ध बोल."

"मग मी काय अशुद्ध बोलते?"

"आणि पायांकडे बघू नकोस."

"मग बघू कुठे? छताकडे?"

फोन ठेवून काकू पंगला म्हणाल्या, "तीन तासांत माणूस कळतं का हो?"

"तुला मी कळायला किती लागले?"

"तुम्ही अजून कळताय." आणि मग हळू आवाजात, "टाचा बघितल्या की कळेल. यिंगयिंग काहीही म्हणू दे."

आता इथे आमच्या भाषेबद्दल सांगणं भाग आहे. आम्ही चोंगछिंगचे लोक शुद्ध बोलायला गेलो की जी भाषा निघते तिला आम्हीच मीठमिरीची भाषा म्हणतो. म्हणजे ताट उत्तरेचं, फोडणी घरची. काकूंच्या भाषेत तर फोडणीच जास्त. त्यात एक शब्द फार घातकी. जोड्याला उत्तरेत श्येत्स म्हणतात. आम्ही म्हणतो हायत्स. आणि उत्तरेत हायत्स म्हणजे लेकरू. पोटचं लेकरू. आम्हाला हे माहीत असतं, शाळेत यावर हसूनही झालेलं असतं. पण काकू शाळेत फार रमल्या नव्हत्या, आणि लेकराला त्या आयुष्यभर 'वार' म्हणत आल्या. हायत्स म्हणजे जोडा. जोडाच ना, दुसरं काय?

भेटीच्या तीन-चार दिवस आधी काकूंनी स्वतःच विहीणबाईंना फोन लावला. मुलाच्या आईचं आडनाव दिंग, कारण आमच्याकडे बायकांचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही तेच राहतं. सारा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढलेली बाई. जेवायला या म्हणून सांगायचं होतं, आणि एक गोड बातमीही द्यायची होती. काकूंच्या माहेरी नवरीसाठी तिच्या आईने लाल जोडा शिवायची रीत. तो जोडा काकूंनी केव्हाच शिवून ठेवला होता. फोनवरचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं, कारण काकू लांबच्या माणसाशी लांबच्यासारख्याच बोलतात.

"विहीणबाई, आपण अवश्य यावे. आणि एक सांगायचं होतं. यिंगयिंगचं हायत्स आहे माझ्याकडे."

पलीकडून आवाज नाही. काकूंना वाटलं रेंज गेली. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"हायत्स, हायत्स. लाल लाल, इतकं गोजिरं आहे. गेल्या थंडीत झालं. गुपचूप. तिच्या बापालासुद्धा पत्ता लागू दिला नाही मी."

"किती... मोठं आहे?" दिंग बाईंनी विचारलं.

"एवढंसं. हलकं आहे हो अगदी."

"आमच्या लिनला ठाऊक आहे?"

"छे, त्याला आधी कशाला? लग्नाच्या दिवशी बघेल की."

मग बराच वेळ गेला. आणि दिंग बाई म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही येतो."

काकूंनी फोन ठेवला. "कमी बोलते," त्या पंगला म्हणाल्या. "पण शांत वाटते. घाईने काही बोलणारी नाही."

भेटीच्या दिवशी काकूंनी नवी पँट घातली, केसांना पाणी लावलं आणि पंगला मोजे घालायला लावले. स्टेशनच्या वरच्या अंगाला टोफूची एक साधी खानावळ आहे. तिथे पांढरं लुसलुशीत टोफू वाडग्यात देतात आणि तिखट वेगळ्या बशीत, म्हणजे उत्तरेच्या माणसाच्या जिवाला धोका नाही. काकूंनी आधीच जाऊन कोपऱ्यातलं टेबल धरलं, आणि ते कोणी घेऊ नये म्हणून खाली आपली पिशवी ठेवून मालकीणबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. मग दोघं खाली फाटकाशी जाऊन उभी राहिली.

मू मंडळी बाहेर आली. मू काका उंच, गोल चेहऱ्याचे, हातात सुक्या माशांची पेटी. दिंग बाई बारक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, खांद्यावरची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. काकूंनी यिंगयिंगची आठवण ठेवून मान मुद्दाम वर धरली. पण नवल असं की दिंग बाईंचीच नजर खाली. त्या काकूंच्या गुडघ्यांच्या आसपास बघत होत्या. मग पंगच्या मागे वाकून बघितलं. काकूंच्या मनात आलं, अरे, ही पण टाचाच बघते की काय.

"प्रवास ठीक झाला ना आपला?" काकूंनी ताट उत्तरेचं मांडलं.

"झाला. कुठे आहे?"

"काय कुठे?"

"हायत्स."

काकूंचा चेहरा फुलला. बाईला आठवण होती म्हणायची. "वर ठेवलंय की, खानावळीत. टेबलाखाली."

"टेबलाखाली?" दिंग बाई थांबल्या. "एकटं?"

"एकटं कुठलं? तीन आहेत."

दिंग बाईंनी सरकत्या जिन्याचा कठडा धरला. "तीन?"

"एक यिंगयिंगचं," काकू बोटांवर मोजत म्हणाल्या, "एक तुमचं, आणि एक या व्याह्यांचं."

"माझं?" मू काका म्हणाले.

दिंग बाईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती पंगला अजून आठवते. एवढ्या वर्षांचा संसार एका नजरेत तपासून झाला. मू काका बिचारे माशांची पेटी सावरत पुन्हा म्हणाले, "अगं, माझं कसं असेल?"

"यिंगयिंगकडून माप घेतलं तुमचं," पंग म्हणाला. त्याला मदत करायची होती.

सरकता जिना वर जात राहिला. एक संपला, दुसरा लागला. मू काकांना वाटलं आलो रस्त्यावर, तर कठड्यापलीकडे खाली आणखी एक रस्ता आणि त्याच्याखाली आणखी एक. "तुमच्याकडे जमीन कुठे असते हो?" त्यांनी पंगला विचारलं. पंग म्हणाला, "जिथे आमची ही सांगेल तिथे."

काकू मात्र आता विहीणबाईंना न्याहाळत होत्या. ही बाई हसत नाही. शहर कसं आहे विचारत नाही. पोरीचं नाव तोंडातून काढत नाही. चालते आहे ती मात्र अशी, जणू कोणाला तरी बाळंतकळा सुटल्यात. पंगची आई अशीच चालायची, रागात असली की. काकूंना वाटलं, झालं, यिंगयिंग गेली त्या घरात. त्यांनी हळूच दिंग बाईंच्या टाचांकडे बघायचा प्रयत्न केला, पण त्या टाचा थांबतील तर ना.

खानावळीत शिरताच दिंग बाई सरळ कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेल्या आणि गुडघ्यांवर बसून खाली वाकल्या. मालकीणबाई भाताचं पातेलं हातात घेऊन बघत राहिल्या. काकू धावल्या. "अहो असं काय करता, मी काढते ना." त्यांनी पिशवी ओढली, वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि लाल साटिनचा जोडा टेबलावर ठेवला. टोकाला डाळिंबाची फुलं, तळ पांढराशुभ्र, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे.

"हे घ्या," काकू म्हणाल्या. "यिंगयिंगचं हायत्स."

दिंग बाई जमिनीवरच बसल्या होत्या. त्यांनी जोड्याकडे बघितलं. मग हात लावून बघितला. मग त्या उठल्या आणि स्टुलावर बसल्या, आणि बसतच गेल्या, जणू त्यांच्या अंगातली हाडं कोणीतरी एकेक करून काढून घेत होतं.

"हे हायत्स?"

"हायत्सच. का, तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमच्याकडे याला श्येत्स म्हणतात," मू काका म्हणाले.

"मग हायत्स कशाला म्हणतात?"

दिंग बाईंनी पर्स उघडली आणि आतून ती टोपी काढून जोड्याशेजारी ठेवली. पिवळी लोकर, वर गोंडा. तिच्यात एक सुई अजून अडकलेली होती.

काकू टोपीकडे बघत राहिल्या. काही उजेड पडेना. पंग तसा मंद, पण आयुष्यभर बस चालवलेला, पुढचा खड्डा त्याला आधी दिसतो. त्याने टोपी बघितली, जोडा बघितला, बायकोला बघितलं.

"सूफन," तो म्हणाला, "तू फोनवर काय बोलली होतीस ते जरा परत म्हण बघू. सावकाश."

"काय बोलणार? यिंगयिंगचं हायत्स आहे म्हटलं. लाल आहे, गोजिरं आहे. गेल्या थंडीत गुपचूप झालं. तिच्या बापालासुद्धा पत्ता..."

आणि काकू तिथे थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. मालकीणबाईंना आधीच कळलं होतं. त्या पातेलं खाली ठेवून पदार्थांच्या फळ्याकडे तोंड करून खांदे हलवत होत्या.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं, आमच्या यिंगयिंगला..."

"हो."

"आणि तरी तुम्ही आलात?"

"न येऊन काय करणार होते?" दिंग बाईंनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. आता त्यांचा आवाज निराळाच लागत होता, बारीक आणि भरभर. "यांना सांगितलं नाही, यांच्या पोटात काही राहत नाही. लिनला सांगणं माझं काम नव्हतं, ते यिंगयिंगने तिच्या वेळेला सांगायचं. आणि तिला मी विचारणार नव्हते. पोरीला आधी मान खाली घालायला लावायची आणि मग सून म्हणून घरात आणायची, हे मला जमलं नसतं. म्हटलं, आधी लेकरू बघू. लेकरू बघितल्यावर पुढचं सुचतं. मला तरी नेहमी तसंच सुचत आलंय."

"आणि बघून काय करणार होतात?"

"कुनमिंगला घेऊन जाणार होते. एवढ्याशाला तिकीट लागत नाही. आठवडाभर माझ्याकडे राहिलं असतं, जरा लळा लागला असता. टोपी गाडीत विणली. डोक्याचा अंदाज नव्हता. तुम्ही एवढंसं म्हणालात, म्हणून मी एवढीशी विणली."

काकूंनी तिखटाची बशी जवळ ओढली, त्यात चॉपस्टिक बुडवून चाटली, आणि डोळे पुसले. तिखटाचं तर तिखटाचं. ज्या बाईने तिखट पाळण्यात खाल्लं तिच्या डोळ्यांत तिखटाने पाणी येत नाही, हे खानावळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही.

"तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता?" काकूंनी एकदम विचारलं.

"कोणाला?"

"यिंगयिंगला."

दिंग बाईंना प्रश्नच कळला नाही. "यिंगयिंग. दुसरं काय म्हणणार?"

तेव्हा काकूंनी इतका लांब श्वास सोडला की जोड्याखालचं वर्तमानपत्र हललं.

मग मात्र टेबलावर जत्रा भरली. वाडगे आले, भात आला. मू काकांनी तिखटाची अख्खी बशी टोफूवर ओतली आणि पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले. दिंग बाई म्हणाल्या, "वॉर्डात मी हरतऱ्हेच्या आज्या बघितल्या हो. रडणाऱ्या, भांडणाऱ्या, मुलगी झाली म्हणून निघून जाणाऱ्या. पण तुमच्याइतकी धीराची एक नाही. गुपचूप झालं म्हणते, गोजिरं आहे म्हणते, आणि जावयाला लग्नाच्या दिवशी दाखवीन म्हणते. मी फोन ठेवला आणि म्हटलं, ही बाई साधी नाही." काकू हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसल्या. पंग म्हणाला, "आणि मी एवढा बाप, मला पत्ताच नाही." मू काकांनी नाक पुसत विचारलं, "पण माझं हायत्स कुठाय?"

काढलं त्यांचं हायत्स. निळं, रुंद, बरोब्बर बसलं. दिंग बाईंचं काळं, मखमलीचं. त्यांनी तिथेच पायातले जुने बूट काढून काकूंसमोर ठेवले, नवे घालून खानावळीत दोन फेऱ्या मारल्या आणि मगच जुने पिशवीत टाकले. मालकीणबाईंनीही आपलं माप देऊन ठेवलं.

"तारीख तुम्ही काढा," काकू म्हणाल्या.

"यिंगयिंगला विचारून काढू. बंदरात तिला सुट्टी कधी मिळते बघायला हवं."

गाडीची वेळ झाली. फाटकाशी दिंग बाईंनी टोपी काकूंच्या हातात कोंबली. "एवढीशी आहे, पण ठेवा. लागेल तेव्हा लागेल. नाही लागली तर तुमच्या फर्म्याला घाला." चार पावलं गेल्यावर त्या मागे वळल्या आणि सगळ्या गर्दीत, आमच्या मीठमिरीच्या भाषेची नक्कल करत म्हणाल्या, "विहीणबाई, लग्नाला येताना हायत्स घेऊन या."

"कुठलं?" काकू ओरडल्या.

दिंग बाईंनी खाली वाकून आपल्या पायांकडे बोट दाखवलं आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

घरी येताना काकूंनी तीन दिवसांच्या काळजीत राहिलेली भूक भागवली. कोपऱ्यावरच्या गाडीवर उभं राहून नूडल्सचा वाडगा संपवला, मग पंगचा अर्धा. जिन्याच्या पायथ्याशी आल्या, टेबलामागे बसल्या, टोपी फर्म्याला घातली, सुई काढून गोंड्यात खोवली. तोवर यिंगयिंगचा फोन आलाच.

"आई, काय बोललीस तू त्यांना? लिनची आई फोनवर नुसती हसतेय. म्हणते तुझ्या आईकडूनच ऐक."

"काही नाही गं. हायत्स म्हटलं."

यिंगयिंग म्हणाली, "आई, नाही ना. सांग, नाही ना."

"म्हटलं. पण बरं झालं म्हटलं." काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू जा त्या घरात. डोळे मिटून जा."

"आणि पायांकडे बघितलंस का त्यांच्या?"

"तू नको म्हणाली होतीस ना."

फोन ठेवल्यावर पंग माजाँगच्या टेबलाकडे निघाला होता, तो परत आला. "मला तरी सांग. टाचा कशा होत्या बाईच्या?"

काकूंनी आरी उचलली, दोरा ओवायला घेतला आणि तशाच थांबल्या. खानावळीत दिंग बाईंनी जुने बूट समोरच काढून ठेवले होते. चांगले हातभर अंतरावर.

"बघितल्याच नाहीत," त्या म्हणाल्या.